अँबॅसेडर घरीच सांभाळायची आहे, पहिले कोणते पाने घेऊ?

त्रिमूर्तीनगरचा_पोट्टा

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहून राहिलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

आजोबांची अँबॅसेडर आहे, मार्क ३, १९७७ चं मॉडेल, पेट्रोल, १४८९ सीसीवालं जुनं इंजिन. आजोबा गेल्यावर पाच वर्षं काकांच्या अंगणात कडुनिंबाखाली उभी होती. मागच्या महिन्यात काका म्हणाले घेऊन जा नाहीतर भंगारवाल्याला देतो, म्हणून टोचन करून घरी आणली. नवी बॅटरी लावली, टाकीतलं सडकं पेट्रोल काढलं, कार्बोरेटर साफ करून घेतला आणि चक्क चालू झाली. धूर सोडते, पण चालते.

आता दोन मेकॅनिकला दाखवली. एकाने बोनेट उघडलं, दोन मिनिटं बघत राहिला आणि मलाच विचारलं, याला स्कॅनर कुठे लागतो. दुसऱ्याने पॉइंट (प्लगच्या ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे) साफ करायचे आठशे घेतले आणि तिसऱ्या दिवशी परत तोच प्रॉब्लेम. तेव्हा ठरवलं की ऑइल, प्लग, पॉइंट, ग्रीस, एवढं तरी आपलं आपण शिकायचं. रात्र रात्र व्हिडिओ बघून राहिलो, बायको म्हणते गाडीशीच लग्न करायचं होतं.

घरात सध्या एक पक्कड, दोन पेचकस (एकाचं टोक मोडलेलं), नळवाल्याचा मोठा स्क्रू रिंच आणि हातोडी, बस. बजेट पाचेक हजार, फार तर सहा. ऑनलाइन १०८ पीसचा टूल किट दिसून राहिला, निळ्या पेटीत, गोट्या-बिट्या (सॉकेट) सगळं, साडेचार हजाराला. घेऊन टाकू का? की इथं नागपुरात इतवारीत लोहा ओळीत जाऊन सुटे सुटे घेऊ? आणि गाडीसोबत जुना जॅक आहे तो चालेल ना? पोर्चमध्ये टाइल्स आहेत आणि गेटकडे थोडा उतार आहे.

नंदनवन_पद्मिनी

अभिनंदन भाऊ, अँबी म्हणजे राजा गाडी 😄 माझ्याकडे पद्मिनी आहे, १९८६ ची. मी तर असाच किट घेतला होता, सहा वर्षं झाली, मस्त चालून राहिला. १०, १३, १७, १९ एवढ्यात ८० टक्के काम होते. विचार नको करू, घेऊन टाक. सोबत १०-११, १२-१३, १४-१५ चे फिक्स पाने घे, झालं.

जुना_फिटर

थांब बाळा, किटचं बटन दाबू नको.

पद्मिनीवाल्या भाऊंचं त्यांच्या गाडीपुरतं बरोबर आहे. पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००, तिचा सगळा कारभार मिलिमीटरमध्ये. तुझी गाडी मूळची इंग्रजाची, मॉरिस ऑक्सफर्डच्या पोटची, तिचे नट-बोल्ट इंचात. ऑनलाइन मिळणाऱ्या पेटीत बहुतेक सगळं मिलिमीटर असते, म्हणजे साडेचार हजाराची पेटी आणून तू गाडीसमोर बसशील आणि एखाद-दुसरा सोडला तर एकही पाना धड बसणार नाही. वर्णनात इंच असं लिहिलं असलं तरी नीट वाच, पुष्कळदा ते दांडीचं माप असते, गोटीचं नाही. १/२ इंची ड्राइव्ह म्हणजे गोटी ज्या चौकोनावर बसते तो १/२ इंच, नटाशी त्याचा संबंध नाही.

आता हिशोब समजून घे. १/२ इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. १३ चा पाना त्यावर बसते, पण ढिला बसते. हलका नट असला तर निघूनही जाते आणि माणसाला वाटते चालते की. जो नट पंचेचाळीस वर्षं हलला नाही त्यावर तोच १३ चा पाना लावला की कोपरे गेले, नट गोल. ७/१६ म्हणजे ११.१, त्यावर ११ चा कधी घट्ट जाते, कधी जातच नाही, आणि १२ गरगर फिरते. ९/१६ म्हणजे १४.३, तिथं १४ चा जात नाही, १५ चा ढिला. ५/८ वर १६ चा आणि ३/४ वर १९ चा मात्र बऱ्यापैकी जमते, म्हणून जुने मेकॅनिक १९ चा पाना दोन्हीकडे चालवत. आमच्या वेळी कोणी इंच म्हणत नव्हतं, सूत म्हणत. आठ सुताचा एक इंच. चार सूत म्हणजे १/२, साडेचार सूत ९/१६, पाच सूत ५/८. लोहा ओळीत जुन्या दुकानदाराला चार सूत-साडेचार सुताचा रिंग पाना दे म्हटलं की तो तुझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघेल, भावसुद्धा बरा लावेल.

म्हणून आधी काहीच घेऊ नको. एक वही घे, एक व्हर्नियर नाहीतर साधी पट्टी घे, गाडीखाली-बोनेटखाली बस आणि जे काम तू करणार आहेस त्याचेच नट मोज. तुझ्या यादीला ७/१६, १/२, ९/१६, ५/८, ३/४ एवढ्या पाच मापांचे पाने पुरतील. एका बाजूला रिंग आणि दुसऱ्या बाजूला उघडं तोंड असलेले, कॉम्बिनेशन म्हणतात ते. रिंगने सोडवायचं, उघड्या तोंडाने फिरवून काढायचं. उघड्या तोंडाने जोर लावायचा नाही. आणि तो नळवाल्याचा स्क्रू रिंच नळालाच राहू दे, गाडीजवळ आणला तर मी येऊन घेऊन जाईन.

कंपनी विचारशील तर नाशिकचं टपारिया डोळे मिटून घे. माझ्या हातातले काही पाने तीस वर्षांचे आहेत. स्वस्तातले चकचकीत पाने पहिल्याच जोराला तोंड वासतात, आणि पाना वासला की नट जाते, नट गेला की बोटं जातात.

जॅकचं जेवण झाल्यावर लिहितो, तो मोठा विषय आहे.

त्रिमूर्तीनगरचा_पोट्टा

काका उशीर झाला 🙈

किट नाही घेतला, पण सकाळीच शेजाऱ्याकडून १२-१३ चा पाना आणून फॅन बेल्ट टाइट करायला डायनामोचा खालचा बोल्ट हलवायला गेलो. बसला म्हणून जोर लावला. कट्कन आवाज आला, मला वाटलं सुटला, बघतो तर बोल्टाचं डोकं शाळिग्रामासारखं गोल. आता काय करू?

जुना_फिटर

हे होणारच होतं, रडू नको. पेनिट्रेटिंग ऑइल नाहीतर डब्ल्यूडी-४० आज रात्री मार, उद्या सकाळी परत मार. मग १/२ इंचाची सहा कोनी गोटी आण. बारा कोनी नको, बारा कोनी फक्त कोपऱ्याला धरते आणि तुझे कोपरे तर गेलेच आहेत, सहा कोनी सपाट बाजूवर जोर देते. तीही घसरली तर १२ ची जुनी सहा कोनी गोटी हातोडीने ठोकून बसव. हळू ठोक, डायनामोचं ॲल्युमिनियमचं तोंड फुटते. बोल्ट निघाला की तो फेकून दे, तसाच नवा घे. दुकानात यूएनएफचे (इंचाच्या मापातले बारीक) आटे आहेत का विचारून घे, मिलिमीटरचा बोल्ट दोन फेरे जाईल आणि मग आटे खाऊन टाकेल.

नंदनवन_पद्मिनी

सॉरी भाऊ, माझ्यामुळेच झालं बहुतेक. मला खरंच माहीत नव्हतं अँबी इंचात असते. माझे एक मामेभाऊ आहेत, त्यांच्या अँबीला तर सगळे १०-१२-१४ चालतात?

कोथरूड_मॉरिस

मामेभावांची नंतरची असणार. नव्वदच्या दशकात हिंदुस्तान मोटर्सनी १.८ लिटरचं इसुझू इंजिन बसवायला सुरुवात केली, त्या इंजिनाचे नट-बोल्ट मिलिमीटरमध्ये आहेत. मूळ पोस्टवाल्यांची १४८९ सीसीची आहे, म्हणजे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) इंजिन, तिथे इंचच. मात्र पन्नास वर्षांत किती हातांखालून गेली असेल कोण जाणे, मध्येच कुणीतरी मिळेल तो बोल्ट ठोकलेला असतो, त्यामुळे काकांनी सांगितलेली वही खरंच करा. माझ्या गाडीला एका ब्रॅकेटवर तीन बोल्ट आहेत आणि तिन्हींची मापं वेगळी!

अजून एक सांगतो, जुन्या बाजारात पाने घेणार असाल तर. पान्यावर नुसतं १/४ लिहिलेलं दिसलं आणि पुढे डब्ल्यू असलं तर तो व्हिटवर्थचा, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचा पाना आहे, त्यावरचं माप बोल्टाच्या जाडीचं असतं, नटाच्या रुंदीचं नाही. १/४ व्हिटवर्थचं तोंड प्रत्यक्षात सव्वातेरा मिलिमीटरच्या आसपास भरतं. बीएसएफ (तेही जुनं इंग्रजी माप) लिहिलं असेल तर आणखी वेगळी गंमत, ५/१६ बीएसएफ आणि १/४ व्हिटवर्थ यांचं तोंड एकच. तुम्हाला हवेत ते ए/एफ लिहिलेले, म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर. मी स्वतः एकदा जुन्या बाजारातून किलोच्या भावाने पाने आणले आणि घरी येऊन कळलं की निम्मे व्हिटवर्थ आहेत. आता ते भिंतीवर टांगलेत, शोभेला.

जुना_फिटर

जेवण झालं. आता जॅक.

गाडीसोबतचा जॅक पंक्चर काढायला आहे. चाक बदललं, गाडी खाली, विषय संपला. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही, हात पण नाही. गाडी हजार किलोच्या वर आहे. दोन टनाचा हायड्रॉलिक ट्रॉली जॅक मिळाला तर बरं, नाही जमला तर जुनाच वापर उचलायला, पण दोन स्टँड घेच घे. मेकॅनिक लोक घोडी म्हणतात. पाच हजारातले पहिले पैसे तिथं घाल, पाने नंतर. हायड्रॉलिक जॅकची सील कधी सुटेल हे तो आधी सांगत नाही. विटा लावू नको, वीट कधी फुटेल तेही ती सांगत नाही. मी आमच्या वस्तीत विटांवर ठेवलेली मेटॅडोर खाली आलेली पाहिली आहे, खाली कोणी नव्हतं म्हणून आज ही गोष्ट हसत सांगतो.

तुझा उतार. गाडी पोर्चच्या सपाट भागावर घे, जिथं उतार सुरू होते तिथं नको. पुढचं उचलणार तर मागच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून लाकडी गुटके लाव, हँडब्रेकवर विश्वास ठेवू नको, पाच वर्षं उभी होती. टाइलवर स्टँडचे चार पाय चार टोकांवर बसतात आणि टाइल तडकते, म्हणून खाली जाड प्लायचा तुकडा टाक. अंगणात मातीवर तर पावसाळ्यात मुळीच नको, आपली काळी माती ओली झाली की स्टँड असा खाली जाते जसा चमचा श्रीखंडात.

आणि स्टँड कुठं लावायचा. अँबॅसेडरला वेगळी चासी नाही, बॉडी आणि फ्लोअर एकच आहे. मागं ॲक्सलच्या नळीखाली लाव, पुढं जाड क्रॉस मेंबरखाली. दाराखालच्या पट्टीवर लावण्याआधी पेचकसाने टोचून बघ. कडुनिंबाखाली पाच वर्षं उभी असलेल्या गाडीत पानांचा चिखल साचून पत्रा आतून सडलेला असते, वरून रंग छान दिसते. उचलून स्टँडवर ठेवली की गाडीला एक दणकून धक्का दे. हलली नाही तरच खाली जा.

प्रतापनगर_प्लगवाली

काकांनी पान्यांचं आणि जॅकचं सांगितलंच आहे, मी करंटच्या बाजूचं सांगते. मी बाबांची पद्मिनी सांभाळते, तिकडे इंच-मिलिमीटरचा घोळ नाही, पण पॉइंट आणि कंडेन्सरची कटकट सगळ्या जुन्या गाड्यांना सारखीच. आणि दादा, त्या आठशेवाल्याने काय केलं असेल ते मी न बघता सांगते, पॉलिश पेपर घासला आणि झाकण लावलं, गॅप बघितलाच नाही.

फिलर गेज घ्या, शे-दीडशेच्या आसपास येतो, पातळ पत्त्यांची जुडी असते. इंच आणि मिलिमीटर दोन्ही छापलेला बघून घ्या. ही एवढीशी वस्तू माझ्या अख्ख्या पेटीत सगळ्यात जास्त वापरली जाते. तुमच्या इंजिनाला पॉइंटचा गॅप ०.०१४ ते ०.०१६ इंच, प्लगचा ०.०२५ इंच. डेल्कोचं (डिस्ट्रिब्युटरचं, पॉइंट त्यातच असतात) झाकण काढायचं, इंजिन हँडलने हळू फिरवायचं, पॉइंट जास्तीत जास्त उघडले की पत्ती घालून बघायची. पत्ती थोडी धरून सरकली पाहिजे, लोण्यातून सुरी जाते तशी नको आणि ओढावी लागेल अशीही नको. पॉइंटला तेलाचा हात लागू द्यायचा नाही, फक्त मधल्या कॅमला ग्रीसचं बोट, तेही अगदी पुसटसं. जास्त लावलं तर उडून पॉइंटवर जातं आणि परत आठशे.

दुसरी वस्तू टेस्ट लँप. विकत घेऊ नका, घरी करा. १२ व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब, होल्डर, दोन वायरी, दोन मगरी क्लिपा. फ्यूजपर्यंत करंट येतो की नाही, बल्ब पेटत नाही तर वायर तुटली की अर्थिंग गेलं, सगळं यावर कळतं. टायमिंगसुद्धा (ठिणगी पडायची वेळ) यानेच लागतं. इग्निशन चालू ठेवायचं, एक क्लिप कॉइलच्या ज्या टोकाची वायर डेल्कोला जाते तिथे, दुसरी बॉडीला, डेल्को हळूहळू फिरवायचा, पॉइंट उघडले त्या क्षणी बल्ब लागतो. मल्टिमीटर नंतर घ्या. मी दोन वर्षं नुसत्या बल्बवर काढली, आताही घाईत तोच सापडतो.

आणि पुढच्या वेळी बॅटरी लावाल तेव्हा आधी जुनी वायरिंग कशी होती ते बघा, कारण जुन्या ब्रिटिश घराण्यातल्या गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडायची पद्धत होती. तुमची १९७७ ची आहे, चालू झाली म्हणता तेव्हा बरोबरच लागली असेल, तरी नजर टाका. पेटीत एक साधा वायर ब्रश ठेवा, निम्मे इलेक्ट्रिकचे प्रॉब्लेम अर्थिंगच्या जागचा गंज घासला की जातात.

नंदनवन_पद्मिनी

ताई एकदम बरोबर. आणि प्लग पाना विसरू नका लोकहो, तो दोन्ही गाड्यांना एकच लागतो, २१ चा, आत रबर असलेला. रबर नसला तर प्लग खाली पडतो आणि वरची पांढरी चिनी माती तडकते, मग गाडी मिसिंग करते आणि माणूस कार्बोरेटर खोलत बसतो. हे मी स्वतः केलं आहे, दोन रविवार गेले होते.

टॉर्क रेंच पण सांगा ना कोणी, मला वाटते तो हवाच.

जुना_फिटर

पहिल्या वर्षी नको. हा पोट्टा काही हेड उघडणार नाही. टॉर्क रेंचच्या पैशात दोन स्टँड आणि ग्रीस गन येते. हेडचं काम निघालं तेव्हा माझ्याकडून घेऊन जा.

कोथरूड_मॉरिस

काका, इथे थोडा मतभेद. नवशिक्याचा हात एकतर खूप हलका असतो नाहीतर खूप जड, प्लग घट्ट करतानाच आटे घालवतात लोक.

जुना_फिटर

प्लग आधी बोटाने पूर्ण बसवायचा, पान्याने नाही. बोटाने जात नसेल तर वाकडा जाऊन राहिला, काढून परत लाव. बोटाने तळाला टेकला की नव्या वॉशरला पान्याने अर्धा फेरा, जुन्याला त्याहून कमी. यात रेंच कुठं आला? पुण्याला सगळं मोजून लागते हे मला मान्य आहे 😄

कोथरूड_मॉरिस

मोजून असतं म्हणूनच माझ्या गाडीचे आटे शाबूत आहेत हो 😄 पण आधी बोटाने, हे शंभर टक्के. बरं, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करणार असलात तर एक सोपी युक्ती, नऊचा हिशोब. आठ व्हॉल्व्ह आहेत, पुढून मोजा. आठवा पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला सेट करायचा, सातवा दाबलेला तेव्हा दुसरा, सहावा तेव्हा तिसरा, बेरीज नेहमी नऊ. इंजिन थंड असताना ०.०१५ इंचाची पत्ती. प्लग चारही काढून ठेवले की हँडलने इंजिन सहज फिरतं.

प्रतापनगर_प्लगवाली

हँडलवरून आठवलं, कृपया अंगठा! हँडल मारून गाडी चालू करायची असेल तर अंगठा बाकी चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा गुंडाळायचा नाही, आणि खालून वर ओढायचं. टायमिंग पुढे असलं की इंजिन उलटा झटका देतं. बाबांचा अंगठा अजून थंडीत दुखतो.

नंदनवन_पद्मिनी

मे महिन्याचं पण सांगून ठेवतो, नंतर धावपळ नको. नवतपात वर्धा रोडवर सिग्नलला उभे राहिलात की पेट्रोल पंपातच उकळते, वाफ धरते, गाडी बंद. त्याला टूल म्हणजे एक पाण्याची बाटली आणि एक सुती फडकं. फडकं ओलं करून पंपावर आणि कार्बोरेटरकडे जाणाऱ्या नळीवर गुंडाळायचं, दहा मिनिटं थांबायचं, मागच्याला हॉर्न वाजवू द्यायचा. आणि बॅटरीचं पाणी उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी बघा, डिस्टिल्ड वॉटरची बाटली डिकीत ठेवा, नळाचं पाणी टाकू नका.

पेट्रोलच्या रबरी नळ्या पण बदलून घ्या, सगळ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे, जुनं रबर त्यात फुगते, मऊ पडते. मीटरभर चांगली फ्यूएल होज आणि सहा-आठ जुबली क्लिपा पेटीत असू द्या. आणि हो, एक छोटा आग विझवायचा सिलेंडर, पावडरवाला. तो कोणीच यादीत लिहीत नाही.

जुना_फिटर

हौ, हे बरोबर बोलला. पोर्चमध्ये पेट्रोलचं काम करताना बायकोला सांगून कर, किचनची खिडकी पोर्चकडे असेल तर आधी गॅस बंद. ब्रेकचा ड्रम उघडलास तर आतली काळी धूळ फुंकायची नाही, हवा मारायची नाही, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. आमच्या पिढीने तोंडाने फुंकली, तू फुंकू नको.

त्रिमूर्तीनगरचा_पोट्टा

शनिवारी जाऊन आलो. सगळ्यांना सांगतो काय काय आणलं.

आधी वही केली, काका. दीड तास लागला. बोनेटखाली २३ नट मोजले, त्यातले १४ नुसते १/२ इंच निघाले, तीन मिलिमीटरचे निघाले, आणि एका जागी तर बोल्टच नव्हता, तार बांधली होती.

घाट रोडला स्पेअरच्या तीन दुकानांत विचारलं, दोघांनी नाही म्हटलं, तिसऱ्याने फक्त ९/१६ चा दिला. मग लोहा ओळीत गेलो. पहिल्या दोन दुकानांत पोट्टे होते, त्यांना इंच म्हटलं तर त्यांनी प्लंबिंगचे पाने काढले. तिसऱ्या दुकानात एक आजोबा गल्ल्यावर, त्यांना म्हटलं चार सूत, साडेचार सूत, पाच सूत, तर त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, जीप का अँबॅसेडर? माळ्यावरून खोका काढून आणला. पाच कॉम्बिनेशन पाने घेतले, सगळे ए/एफ बघून. १/२ ची सहा कोनी गोटी आणि दांडी वेगळी घेतली. फिलर गेज, २१ चा प्लग पाना, दोन पेचकस, वायर ब्रश, ग्रीस गन. स्टँडची जोडी दोन टनाची, सगळ्यात महाग तीच पडली. एकूण पाच हजार सातशे, म्हणजे सिलेंडर पुढच्या पगारात.

डायनामोचा बोल्ट निघाला! दोन रात्री ऑइल मारलं होतं, सहा कोनीने पहिल्याच जोराला सुटला. पॉइंटचा गॅप बघितला, ताई, अर्ध्याहून कमी होता. सेट केला, मिसिंग गेलं. बायकोला बोलावून दाखवलं, ती म्हणाली आधी आणि आताच्या आवाजात काय फरक आहे ते सांग. मी सांगितलं, तिला पटलं नाही.

एकच अडलं. ग्रीस मारून राहिलो. पुढच्या डाव्या चाकामागचा खालचा निप्पल ग्रीस घेतच नाही. गन दाबली की निप्पलच्या बाजूनेच ग्रीस बाहेर येते, आत काही जात नाही. बाकीचे सगळे झाले. जोराने दाबू का?

जुना_फिटर

जोराने नको, गन फुटेल नाहीतर निप्पल मोडेल. दोन कारणं असतात. एक, निप्पलच चोक. तो आट्यांचा असते, सोडवून काढ, रॉकेल नाहीतर डिझेलमध्ये रात्रभर ठेव, टाचणीने मधली गोळी दाबून बघ, हलली पाहिजे. नाही हलली तर नवा लाव, दहा-वीस रुपयांची गोष्ट आहे. काढला की त्या भोकात पण बघ, जुनं ग्रीस वाळून खडूसारखं झालं असेल, तारेने कोर.

दुसरं, तू गाडी चाकांवर उभी ठेवून ग्रीस मारून राहिला असशील. मग सगळं वजन त्या जॉइंटवर असते, आत जागाच नसते. ती बाजू उचल, स्टँडवर घे, चाक हवेत लटकू दे, मग गन लाव. कोणाला तरी स्टेअरिंग हळूहळू इकडून तिकडे फिरवायला सांग आणि तेव्हा दाब.

त्रिमूर्तीनगरचा_पोट्टा

निप्पल साफ होता काका, दुसरंच होतं. स्टँडवर घेतली, खाली प्लाय टाकला, धक्का देऊन बघितला. बायको स्टेअरिंगवर बसली, म्हणाली पॉवर स्टेअरिंग नाही का याला. चौथ्या-पाचव्या दाबाला आतून कुर्र आवाज आला आणि वरच्या बाजूने काळं, घट्ट, डांबरासारखं जुनं ग्रीस बाहेर यायला लागलं. त्याच्यात कडुनिंबाची एक निंबोळी होती, पूर्ण अख्खी. ती आत कशी गेली हे कोणी सांगू शकेल का?